मनगटावरची मोजणी : सायकलीसाठी घड्याळ निवडतानाच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४

काल अनंत चतुर्दशी झाली, पाहुणे गेले, आज वही उघडली. काम एकच आहे. सायकल चालवताना उपयोगी पडेल आणि एरवी दिवसभर हातावर राहील असं जीपीएस घड्याळ निवडायचं.

कारण लिहून ठेवते. मे महिन्यात माझा रक्तदाब १४२/९२ निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. मीठ कमी करा, सुकी मासळी बंद, रोज घाम येईल इतकं चाला किंवा सायकल मारा आणि तीन महिन्यांनी या, म्हणाले. सुकटीवाचून जेवण जड गेलं, पण सायकल जुनीच सोबतीण, ती वाढवली. ऑगस्टमध्ये १३२/८४ आला. आता येत्या फेब्रुवारीत रत्नागिरी ते वेंगुर्ला सागरी मार्गाने चार दिवसांत जायचं मनात आहे. डॉक्टरांची हरकत नाही, मात्र एक अट आहे: चढावर ठोके १४५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे घड्याळाने ठोके खरे दाखवले पाहिजेत, ही माझ्यासाठी पहिली गरज.

मी २१ वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारी आहे. पहिल्या वर्षी साहेबांनी जे शिकवलं ते अजून पाळते : माप घेतलं की ताळा बघायचा. इथेही तेच करणार. जाहिरातीत काय लिहिलंय ते वाचेन, पण आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या मापाशी आकडा ताडून बघितल्याशिवाय पैसे मोजणार नाही.

उसनी घड्याळं तीन मिळाली. वहीत त्यांना क, ख, ग म्हणेन. तिन्ही वापरलेली, कमी-जास्त जुनी आहेत. त्यांच्यावरून कुठल्या कंपनीला बरं-वाईट म्हणणं योग्य नाही. क म्हणजे भाचीचा मनगटावरचा साधा फिटनेस पट्टा. त्याला स्वतःचं जीपीएस नाही, खिशातल्या फोनचं घेतो. ख ऑफिसातल्या सहकाऱ्याचं. जीपीएस आहे, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा) नाही. ग आमच्या सायकलच्या ग्रुपमधल्या दादांचं. बॅरोमीटर आहे आणि उपग्रहांचे दोन पट्ट्यांतले (फ्रीक्वेन्सींतले) संदेश घेतं.

२२ सप्टेंबर

आधी चाकाचा ताळा. माझ्याकडे चाकाला लावायचा जुना सेन्सर आहे, तो फेरे मोजतो. फेऱ्याची लांबी बिनचूक असली तर अंतरासाठी त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

घरासमोरच्या सपाट रस्त्यावर खडूने रेघ मारली. हवा नेहमीएवढी भरली. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर रेघेवर, खाली. मी सीटवर बसले, नवऱ्याने हँडल सरळ धरून सायकल पुढे नेली. दहा फेरे झाल्यावर व्हॉल्व्ह परत खाली आला तिथे दुसरी रेघ. पोलादी टेपने २१.४६ मीटर. तीनदा केलं : २१.४६, २१.४७, २१.४६. म्हणजे एक फेरा २१४६ मिलिमीटर. टायर ७०० बाय ३२ आहे आणि तक्त्यात त्यासाठी २१५५ छापलेलं असतं. माणूस बसला की टायर दबतो, म्हणून नऊ मिलिमीटर कमी. शंभर किलोमीटरला त्याचे चारशे मीटर होतात. ज्यांच्याकडे असा सेन्सर आहे त्यांनी हे एकदा तरी करावं. टेप, खडू आणि एक मदतनीस एवढंच लागतं.

२९ सप्टेंबर

घर, साखरतरचा पूल, बसणी, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे आणि परत. क साठी फोन पाठीमागच्या खिशात, ख डाव्या हातावर, ग उजव्या. सकाळी मळभ, नेवऱ्यापुढे दोन सरी.

चाकाने सांगितलं ४४.१२ किलोमीटर. ग ने ४४.०५, ख ने ४३.६१, क ने ४२.९०.

घरी येऊन रेघा नकाशावर टाकून पाहिल्या. ख चा तोटा जवळजवळ सगळा आरे-वारेच्या वळणांवर झालेला. त्याच्यात नोंद 'गरजेप्रमाणे' घ्यायची निवड होती, म्हणजे काही ठिकाणी पाच-सहा सेकंदांनी एक बिंदू. ताशी २५ च्या वेगाने सेकंदाला जवळपास सात मीटर जातात. पाच सेकंदांत ३५. वळणदार रस्त्यावर ३५ मीटरची सरळ जीवा ओढली की कमानीचं पोट कापलं जातं. आपण वाकडा बांध दोनच खुणांवर मोजला तर क्षेत्र चुकतं, तसंच हे. निवड बदलून 'दर सेकंदाला' केली. पुढच्या रविवारी पुन्हा बघेन.

सुपारीच्या वाड्यांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मात्र तिन्ही रेघा रस्ता सोडतात. ख ची तर एका ठिकाणी गडगा (दगडी कुंपण) ओलांडून विहिरीवरून गेलेली. मला याचं नवल वाटलं नाही. आमचा लाखोंचा रोव्हरसुद्धा (पोलवरचं, उपग्रहांवरून मोजणी करणारं यंत्र) दाट आमराईत 'फिक्स', म्हणजे पक्कं ठिकाण देत नाही, मग दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं ईटीएस मशीन लावावं लागतं. रोव्हर सेंटिमीटरपर्यंत जातो तो संदेशाच्या लहरीचाच टप्पा मोजतो आणि कायम केंद्रांकडून दर क्षणाला दुरुस्ती घेतो म्हणून. घड्याळाकडे यातलं काही नाही, आणि अँटेना नखाएवढी. उघड्यावर त्याने तीन-चार मीटरपर्यंत नेलं तरी त्याचं काम चांगलं आहे.

दोन पट्ट्यांचा खरा फायदा कुठे, तेही या रेघांतच दिसलं. जीपीएसचा जुना नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो, त्याच्या सांकेतिक मापातला एक घटक (मोजपट्टीवरचा एक भाग म्हणा) सुमारे २९३ मीटर लांब. नवा एल-फाइव्ह ११७६.४५ वर येतो आणि त्याचा घटक दहापट आखूड, २९ मीटर. जांभ्याच्या उभ्या कापातून रस्ता जातो तिथे थेट आलेला संदेश आणि दरडीवर आपटून आलेला संदेश एकमेकांत मिसळतात. आखूड घटकाने ते वेगळे काढता येतात. कापात ग ची रेघ रस्त्यावर राहिली, ख ची दरडीत शिरली. पण ओल्या झावळ्यांखाली संदेशच दुबळा होतो, तिथे दोन पट्टेही फार मदत करत नाहीत.

आपल्या नाविकबद्दल, म्हणजे भारताच्या जीपीएससारख्या उपग्रहांबद्दल, भाचीने विचारलं. त्याचे आधीचे उपग्रह एल-फाइव्ह आणि एस या पट्ट्यांतच बोलतात, म्हणून एकच पट्टा ऐकणाऱ्या घड्याळांना ते ऐकूच येत नसत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-वन (वरचाच १५७५.४२ चा पट्टा) सुरू झाला आहे. तिला ते ऐकून आनंद झाला, मलाही आहे.

२ ऑक्टोबर

सुट्टी. आज घड्याळ हातावर घातलंच नाही, तरी महिन्यातली सगळ्यात उपयोगी नोंद आजची.

ग ला सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि घराची उंची ९२ मीटर भरून दिली. दुपारी चार वाजता वाचली : ११३. टेबल जागेवर, घर जागेवर, घड्याळ २१ मीटर वर गेलेलं.

बिघाड नाही. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. समुद्रकिनाऱ्याजवळ एक हेक्टोपास्कल उतरला की त्याला वाटतं आपण आठ-साडेआठ मीटर चढलो. आपल्या उष्ण भागात दाब रोजच्या रोज हेलकावतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्री पुन्हा तसंच. घड्याळाच्या पडद्यावर दाब ९९९.८ वरून ९९७.३ झाला होता. अडीच हेक्टोपास्कल, म्हणजे २१ मीटर. हिशेब तंतोतंत लागला.

याचा अर्थ असा, की सकाळी निघून दुपारी परतणाऱ्याला घर सकाळपेक्षा वीस मीटर उंचावर भेटणार. वादळी हवेत आणखी जास्त. उपाय सोपा आहे : वाटेत जिथे उंची ठाऊक आहे तिथे ती भरून द्यायची. आणि कोकणात राहणाऱ्याला ठाऊक असलेली उंची कुठेही मिळते. जेटीवर जा, पाण्यापासून किती वर उभे आहात ते बघा, दोन किंवा तीन मीटर, तेवढं भरा. भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर हलतं, सायकलीला तेवढी चूक चालते.

६ ऑक्टोबर

चढाचा ताळा. घर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाटीवर), खाली खाडीचा पूल. दोन्हींतला फरक मी मागे ईटीएसने मोजला होता : ७१.४ मीटर. आज चार वेळा उतरले, चार वेळा चढले. एकूण चढाई २८५.६ मीटर व्हायला हवी.

ग : २८१. ख : ३९७.

ख कडे बॅरोमीटर नाही. उपग्रहांवरून आडवं ठिकाण जितकं बरं निघतं तितकी उंची निघत नाही, कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच असतात, पायाखालून मापायला कुणी नसतो. मग उंची सारखी दोन-चार मीटर वरखाली थरथरते आणि प्रत्येक थरथर चढाईत जमा होते. सपाट पुलावरसुद्धा ख चढत होतं.

सहकारी म्हणाले, ॲपमध्ये उंची दुरुस्त करायचं बटण आहे, ते दाबा. दाबलं. ३१८ झाली. बरी, पण इथे दुसरी अडचण. अशी दुरुस्ती उंचीच्या तयार नकाशावरून होते. त्यातला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने केला. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची. देशावर, मोकळ्या माळावर, हे पुरतं. आरे-वारेला रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला आहे. एका चौकोनात वर डोंगर आणि खाली समुद्र दोन्ही येतात. रेघ चार मीटर डावीकडे गेली की डोंगरावर, चार मीटर उजवीकडे गेली की पाण्यात. पुलांचंही तसंच, पूल न धरता खाडी धरली जाते.

म्हणून किनाऱ्यावरच्या सायकलस्वाराला माझं स्पष्ट सांगणं आहे की बॅरोमीटर हवाच. इथे एकही चढ मोठा नाही, पण खाडी आली की उतार आणि खाडी गेली की चढ, असं दिवसभर चालतं. घाट एकदाच थकवतो. हे चढ मोजले नाहीत तर आपण का दमलो ते कळत नाही.

एक जोड. ऑफिसच्या रोव्हरवर किनाऱ्यावर उभं राहिलं की उंची उणे साठ-सत्तर मीटर दिसते. नवीन मुलं घाबरतात. जीपीएस पृथ्वीचा गणिती गोळा धरून मोजतो, आणि आपल्याकडे खरी समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. घड्याळं हा फरक आतल्या तक्त्यावरून वजा करतात, म्हणून आपल्याला दिसत नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, सायकलीला झेंडूचा हार घातला होता. आज ठोके.

छातीचा पट्टा दादांनी दिला. तो हृदयाची विद्युत धडक मोजतो, डॉक्टरांच्या ईसीजीसारखी. पट्टा हाच ताळा. मनगटावरचं घड्याळ वेगळं काम करतं : मागून हिरवा प्रकाश टाकतं, रक्त तो शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किती कमी झाला ते बघतं.

सपाट रस्त्यावर दोघांत दोन-तीन ठोक्यांचा फरक. उत्तम. बसणीच्या पुढे खड्डे सुरू झाले आणि मनगटावरचा आकडा उड्या मारायला लागला. चढावर तर पट्टा १५१ सांगत होता आणि ख ११८. जवळजवळ दोन मिनिटं ख तिथेच अडकलं, मग एकदम १४९. ज्या दोन मिनिटांसाठी मला घड्याळ हवंय, नेमकी तीच.

थांबून हाताकडे नीट पाहिलं. चढावर मी ब्रेकच्या मुठी आवळून धरते, मनगट मागे वाकतं. वाकलं की घड्याळाची मागची काच एका बाजूने उचलली जाते, आणि फटीतून ऊन आत जातं. घामाने ते घसरून हाडावर आलेलं. पट्टी एक भोक आवळली, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घेतलं. पुढच्या चढावर फरक नऊ ठोक्यांवर आला. बरं झालं, तरी मला नऊ ठोके चालणार नाहीत.

निर्णय : सायकलीवर छातीचा पट्टा, बाकी दिवसभर मनगट. घड्याळाला बाहेरचा पट्टा जोडता आला पाहिजे. ज्यांना छातीवर पट्टा सोसत नाही त्यांनी दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर बघावा. दंड मनगटासारखा वाकत नाही.

जास्तीत जास्त ठोके किती, याला घड्याळं २२० वजा वय धरतात. माझं वय ४४, म्हणजे १७६. २००१ मध्ये आलेलं दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ७० टक्के; त्याने १७७. दोन्ही सरासरी आहेत, एका माणसाला दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात. माझ्या बाबतीत प्रश्न मिटला आहे, डॉक्टरांचा १४५ हाच आकडा. रक्तदाब मात्र घड्याळाला विचारायचा नाही, तो दंडाच्या यंत्रावरच.

१७ ऑक्टोबर

आज मोजणीला गेले होते, काजूच्या बागेत, गावातल्या चार भावांची फाळणी. ग हातावर. दिवसभर रोव्हर घेऊन हद्दीवर फिरले. संध्याकाळी पावलं ६,१००. माझा अंदाज नऊ हजारांच्या खाली नाही, कारण हद्दच दीड किलोमीटर आणि तीन वेळा फिरले.

कारण दुपारी लक्षात आलं. घड्याळ पावलं पायाने मोजत नाही, हाताच्या हेलकाव्यावरून मोजतं. मी ज्या हाताने रोव्हरचा पोल सरळ धरते त्याच हातावर ते होतं. पोल हलू द्यायचा नाही हेच तर आमचं काम, आणि हात हलला नाही की पाऊल पडलंच नाही. डोक्यावर पाटी किंवा हातात घागर घेऊन चालणाऱ्या बायकांचं असंच होत असणार. उद्यापासून दुसऱ्या हातावर.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन कडक आहे, पडदा तपासायला याहून चांगला महिना नाही. एक पडदा स्वतः उजळणारा, रंगीत, दुकानात बघताक्षणी आवडणारा. दुसरा बाहेरचाच प्रकाश परतवून दाखवणारा, घरात फिकट. वाळूचा उजेड डोळ्यांवर येत असताना, भाट्याच्या पुलावर, बाराच्या उन्हात, दुसऱ्यावरचे आकडे एका नजरेत वाचले. पहिलाही वाचता आला, पण तो सतत चालू ठेवला की बॅटरी खातो आणि बंद ठेवला की मनगट झटकावं लागतं. हँडल धरलेलं असताना मनगट कसं झटकणार?

खरं तर उतारावर मनगटाकडे बघूच नये. दादा घड्याळ हँडलवर रबराच्या गादीवर बसवतात. मनगटाचे ठोके तेव्हा मिळत नाहीत, पण छातीचा पट्टा असल्यावर ते नकोच आहेत. मला ही रीत पटली.

बटणं हवीतच. घामेजलेल्या बोटाने टचस्क्रीन पुढची पानं उलटतो, पावसाचा थेंबही त्याला बोट वाटतो.

२४ ऑक्टोबर

भाचीचा पट्टा चार्ज होईना. मागच्या दोन पिना बघितल्या, एका पिनेवर हिरवट थर. लिंबाची फोड लावलेल्या तांब्यावर येतो तसा. ती रोज मांडवीवर चालते, घरी आली की तसाच चार्जिंगला लावते. खारा घाम, वर दमट हवा, आणि त्यातून वीज गेली की धातू झिजतोच.

५ एटीएम म्हणजे ५० मीटर पाण्याचा दाब सोसेल असं लिहितात. तो दाब स्थिर, गोड्या पाण्यातला. मिठाबद्दल त्यात काही नाही. किनाऱ्यावर घड्याळ कुठलंही असो, समुद्रावरून आलं की नळाखाली धरायचं, पुसायचं, पिना पूर्ण सुकल्यावरच चार्जर लावायचा. बॅरोमीटरचं बारीक छिद्रही धुवायचं, त्यात मीठ साचलं तर उंची अडकते. मात्र सुई घालायची नाही. जितके दिवस चार्ज न करता जातील तितक्या वेळा पिना वाचतील, म्हणून मोठी बॅटरी इथे चैन नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या ओल्या करंज्या. विळीवर बसून तीन नारळ खवले. उठले तेव्हा घड्याळात २१४ पावलं वाढलेली. पोल धरताना गेलेली पावलं इथे परत आली, असा हिशेब मी धरणार नाही.

दहा हजारांच्या आकड्यामागे वैद्यकीय हिशेब नव्हता. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांच्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावला होता. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं सांगतच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, असं २०२० च्या शिफारशीत आहे. मी घड्याळात मिनिटंच बघायचं ठरवलं. ती ठोक्यांवरून मोजली जातात, नारळ खवून वाढत नाहीत.

९ नोव्हेंबर

कागदावर उरलेल्यांत निवड.

रोज रात्री चार्जर मागणारी स्मार्ट घड्याळं बाद. ॲपलचं घड्याळ सुंदर आहे, पण २०२४ च्या साध्या मॉडेलला कंपनीच १८ तास सांगते, आणि मला झोपही नोंदवायची आहे.

हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर आणि दिवसभराला साधा पट्टा, असा जोड दादांनी सुचवला. फक्त सायकलच महत्त्वाची असेल त्याने हेच घ्यावं, पडदा मोठा मिळतो. पण माझं दिवसभराचं चालणं, झोप आणि सायकल हे सगळं डॉक्टरांपुढे एकत्र ठेवायचं आहे, म्हणून नाही.

शेवटी दोन उरली. कोरोस पेस ३, २०२३ चं : नायलॉनच्या पट्टीसकट ३० ग्रॅम, जीपीएस चालू ठेवून ३८ तास, बॅरोमीटर, उपग्रहांचे दोन पट्टे. वजन आणि बॅटरी दोन्हींत हे पुढे आहे. गार्मिन फोररनर २५५एस, २०२२ चं : ३९ ग्रॅम, २६ तास, एरवी १२ दिवस, बॅरोमीटर, दोन पट्टे, उन्हात वाचता येणारा पडदा, पाच बटणं, टच नाही.

काटा फिरला तो माझ्या जुन्या चाकाच्या सेन्सरमुळे. तो अँट प्लस या एकाच भाषेत बोलतो. पेस ३ ब्लूटूथच ऐकतं, २५५एस दोन्ही ऐकतं. सेन्सर नवा घ्यावा लागत असता तर मी पेस ३ घेतलं असतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे कुणी विचारलं तर माझी निवड त्याच्यावर लादली जाणार नाही. माझं मनगट साडेचौदा सेंटिमीटर. 'एस' म्हणजे लहान आकार, तोच हवा. २६५एस चा रंगीत पडदा भाचीला आवडला, पण भाट्याच्या पुलावरचं बाराचं ऊन आठवलं.

१९ नोव्हेंबर

घड्याळ आलं. विक्रेत्याने आधी मोठा आकार पाठवला होता, तो परत करण्यात आठवडा गेला.

१ डिसेंबर

लावलेल्या गोष्टी : नोंद दर सेकंदाला. चाकाचा फेरा २१४६. अंतर चाकाकडून, रेघ उपग्रहांकडून. ठोके १४५ झाले की थरथर. निघताना घराची उंची ९२. आज चढाचा ताळा पुन्हा घेतला, चार फेऱ्या, २८३ मीटर. बसला.

नायलॉनची पट्टी कुणी भेट दिली होती, ती पावसाळ्यात वाळणार नाही. सिलिकॉनच ठेवली, रात्री तासभर काढून हात सुका करते. पट्टीखाली पुरळ येत होतं, ते थांबलं.

१५ डिसेंबर

पहाटे साडेपाचला निघाले. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. जयगडच्या जेटीवर घड्याळ थांबवलं. चालू ठेवलं असतं तर फेरीबोटीचं अंतरही उपग्रहांच्या रेघेत धरलं गेलं असतं. बोट तवसाळला लागली. जेटीवर ओहोटी होती, पाण्यापासून चार मीटर वर उभी होते. घड्याळ १६ सांगत होतं. ४ भरले आणि पुन्हा सुरू केलं.

तवसाळहून वर येणारा चढ लांब नाही, पण उभा आहे. अर्ध्यावर हँडलवरचं घड्याळ थरथरलं : १४६. पाय अजून चालत होते, श्वासही बरा होता, नुसत्या अंदाजावर मी थांबले नसते. उतरले. जांभ्याच्या गडग्याला सायकल टेकवून आकडा बघत उभी राहिले. १३८, १२९, ११७. एक बाई पाखाडीवरून चुलीची लाकडं घेऊन उतरत होती, विचारलं, "दमलंस गो?" म्हटलं, "नाय, थांबलंय." तिने मोळी गडग्यावर टेकवली आणि तीही थांबली. ११० झाल्यावर मी निघाले.

हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, गुहागर. नवरा गाडी घेऊन आला होता. चाक ८४.७० किलोमीटर, उपग्रहांची रेघ ८४.४०. बॅटरी पहाटे ९६ टक्के होती, आता ६७.

रात्री घरी छातीच्या पट्ट्याचं बटण (त्यावरचा सेन्सर) काढून पट्टा धुतला; ओल्या पट्ट्यावर बटण लावून ठेवलं तर त्याची बॅटरी उतरत राहते. घड्याळ नळाखाली धरलं, पिना पुसल्या. दंडाच्या यंत्रावर रक्तदाब १२६/८२. पिना सुकल्या की चार्जिंगला लावायचं, आणि ३ जानेवारीला ही वही डॉक्टरांकडे न्यायची.